भुंग्याच्या मापाचं फूल
दारच्या वेली : भाग सहावा

मागच्या भागात आपण मधुमालती पाहिली. यावेळी कृष्णकमळ. मराठी घरांत या फुलाची ओळख बहुधा आजी करून देते. बाहेरच्या झालरीचे शंभर तंतू म्हणजे कौरव, त्यांच्या वरचे पाच पांडव आणि सगळ्यांच्या वर ब्रह्मा, विष्णू, महेश. ही वेल मूळची अमेरिका खंडातली. तिथे गेलेल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांना याच फुलात येशूच्या यातना दिसल्या होत्या. झालर म्हणजे काट्यांचा मुकुट, पाच परागकोश म्हणजे पाच जखमा, तीन कुक्षी म्हणजे तीन खिळे. दोन्ही कथांमधली श्रद्धा मला आदराची वाटते. पण वेल लावणाऱ्याने याच फुलाची तिसरी कथाही जाणून घ्यायला हवी. ती आहे भुंग्याची.

लाकूड पोखरून त्यात घर करणारा काळा, मोठा, घुमत येणारा भुंगा आपण सगळ्यांनीच पाहिलेला असतो. कृष्णकमळाचं फूल जणू त्याच्याच मापाने बेतलेलं आहे. झालरीचे रंगीत पट्टे त्याला मध्याकडे नेतात. मध असतो तळाच्या वाटीत, आणि त्या वाटीवर एक पातळ पडदा असतो. तो बाजूला सारायला ताकद लागते, मधापर्यंत पोचायला लांब जीभ लागते. भुंगा झालरीवर उतरून मधासाठी गोल फिरतो, तेव्हा वरचे पाच परागकोश नेमके त्याच्या पाठीवर घासतात. त्यांची परागाची बाजू खाली वळलेली असते, ती याचसाठी.

आता तीन कुक्षी पाहा. फूल उमलतं तेव्हा त्या वर उभ्या असतात. मग हळूहळू वाकत परागकोशांच्या पातळीला येतात. दुसऱ्या वेलीवरून पाठीवर पराग घेऊन आलेला भुंगा आता खालून फिरला, की परागीभवन होतं. मधमाशी अंगाने लहान. ती पराग गोळा करते, पण पुष्कळदा कुक्षीला न शिवताच निघून जाते. हे सगळं एका दिवसात व्हावं लागतं, कारण एकेक फूल एकच दिवस टिकतं. सुट्टीच्या दिवशी एका फुलासमोर तासभर बसा. कुक्षी वाकताना पाहणं हा बागेतला फार मोठा आनंद आहे.

‘वेल फुलते, पण फळ धरत नाही,’ या नेहमीच्या तक्रारीचं उत्तरही इथेच आहे. कृष्णकमळाच्या कित्येक जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. आपण शेजाऱ्याकडून फाटा आणतो, पुढे तिसऱ्याला देतो. अशाने अख्ख्या सोसायटीत दहा वेली झाल्या, तरी त्या मुळात एकच वेल असतात. त्यांच्यातला पराग एकमेकींच्या उपयोगी पडत नाही. फुलांसाठीच वेल लावली असेल तर याने काही बिघडत नाही.

ज्यांना फळ हवं आहे, त्यांनी कृष्णकमळाच्याच कुळातली पॅशनफ्रूटची वेल लावावी. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. जांभळ्या फळाचा प्रकार स्वतःच्या परागाने फळतो आणि त्याला थंड, उंचावरची हवा मानवते. पिवळ्या फळाचा प्रकार उष्ण, सखल भागात चांगला वाढतो, म्हणून कोकण-गोव्याला तो जवळचा. पण त्याला दुसऱ्या वेलीचा पराग लागतोच. तेव्हा बियांपासून केलेली निदान दोन रोपं लावा. कर्नाटकात कोडगूमधल्या चेट्टळ्ळीच्या संशोधन केंद्राने या दोन्ही प्रकारांच्या संकरातून ‘कावेरी’ हे वाण तयार केलं आहे. रोपवाटिकेत मिळालं तर जरूर घ्या.

जांभळ्याचं फूल पहाटे उमलतं, तर पिवळ्याचं दुपारी. भुंगे फिरकत नसतील तर पिवळ्या जातीचं परागीभवन दुपारनंतर आपण करू शकतो. कुक्षी खाली वाकल्या की मऊ कुंचल्याने दुसऱ्या वेलीवरच्या फुलातले पराग त्यांना लावायचे. फळ पिकायला दोन ते तीन महिने लागतात. पिकलं की ते आपोआप खाली पडतं, तेव्हा तोडायची घाई नको. साल थोडी सुरकुतली की गर अधिक गोड लागतो.

आता लागवड. पावसाळ्याची सुरुवात त्यासाठी सर्वांत सोयीची. पेन्सिलीएवढ्या जाडीचा, अर्धवट जून झालेला, तीन-चार डोळ्यांचा फाटा घ्या. खालची पानं काढून दोन डोळे मातीत जातील असा लावा आणि सावलीत ठेवा. मुळं धरली, नवी पालवी फुटली, की मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत हलवा. कुंडी निदान 15 इंची हवी.

या वेलीला मुळाशी साचलेलं पाणी सोसत नाही. नुसत्या काळ्या मातीत पावसाळ्यात मुळं कुजतात. म्हणून लाल माती, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत मिसळा. रोज पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडा, सावलीत नुसती पानं येतात. युरियाच्या अतिरेकानेही तेच होतं. आधार बारीक हवा. तिचे तणावे सुतळीला, तारेला, जाळीला पटकन विळखा घालतात, जाड खांब मात्र त्यांच्या कवेत येत नाही. फुलं नव्या फुटव्यावर येतात, म्हणून हिवाळा सरताना हलकी छाटणी करा. जून, निष्पर्ण खोडापर्यंत मात्र छाटू नका.

वेल भरात आली, की पानांवर काटेरी अंगाच्या अळ्या दिसू लागतात आणि बहुतेकजण फवारणीचा पंप शोधू लागतात. तेवढं करू नका. त्या बहुधा टॉनी कोस्टर, म्हणजेच कृष्णकमलिनी या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या असतात. या कुळातल्या वनस्पतींच्या पानांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. या अळ्या ती पानं निर्धास्त खातात आणि पुढे त्यांची फुलपाखरं पक्ष्यांना बेचव लागतात. म्हणूनच कृष्णकमलिनी इतकी संथ, बेफिकीर उडते. खाल्लेली वेल पुन्हा फुटते. फारच वाटलं तर पानासकट अळ्या उचलून वेलीच्या एका बाजूला हलवा आणि ती बाजू त्यांच्यासाठी सोडा. आपण मात्र पानांचा काढा किंवा कच्ची फळं यांच्या वाटेला जाऊ नये, ते याच द्रव्यांमुळे.

देठांवर मुंग्या दिसल्या तरी घाबरू नका. अनेक जातींच्या पानांच्या देठावर मधाच्या बारीक ग्रंथी असतात. तिथे येणाऱ्या मुंग्या पानं खाणाऱ्या किड्यांना हुसकतात. फक्त पिठ्या ढेकूण किंवा मावा पडला आहे का, ते तपासा. असला तर पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढा.

एक इशारा मात्र मनापासून देतो. कुंपणावर वेलघाणी नावाची याच कुळातली रानवेल सगळीकडे पसरलेली दिसते. तीही अमेरिकेतूनच आली आणि आपल्या माळरानावर, झुडपांवर चढून बसली. या वेली जोमाने वाढतात. म्हणून बागेतलं कृष्णकमळ मांडवावरच ठेवा, झाडांवर चढू देऊ नका आणि छाटलेले फाटे रानात टाकू नका.

भुंग्याला घर करायला वाळकं लाकूड किंवा बांबू लागतो. आपण बागा इतक्या स्वच्छ ठेवतो, की त्याला जागाच उरत नाही. कृष्णकमळ लावणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं : कोपऱ्यात एक सुकलेलं ओंडकं राहू द्यावं आणि फुलत्या वेलीवर कीटकनाशक मारू नये. पॅशनफ्रूटवाल्यांना याचा मोबदला फळांत मिळेल. बाकीच्यांच्या अंगणात भुंगे आणि फुलपाखरं नांदतील. फाटा लावायला हाच पाऊस साधा. पुढच्या आठवड्यात गोकर्ण.