सरी आणि वरंबा

नायगावच्या मिठागरात अनवाणी राबलेल्या पायाचा तळवा डर्मोस्कोपखाली धरला, की शेतच दिसतं. सरी, वरंबा, पुन्हा सरी. वरंब्याच्या माथ्यावर घामाच्या रंध्रांचे पांढरे ठिपके, ओळीनं पेरल्यासारखे.

यंत्र मुठीत मावतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि भोवती दिव्यांचं कडं. साध्या भिंगातून त्वचेची चकाकीच दिसते. पूर्वी तेलाचा थेंब टाकून वर काच टेकवत, आता ध्रुवित प्रकाशानं ते काम होतं. चकाकी गेली की रंगावरून खोली कळते: रंगद्रव्य अगदी वर असेल तर काळं, जरा खाली तपकिरी, आणखी खोल असेल तर राखाडी-निळं.

या भिंगानं शोधायचा तो मेलानोमा, रंगपेशींचा कर्करोग. आपल्याकडे तो विरळा, पण होतो तेव्हा बरेचदा तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली; अशा जागच्या मेलानोमाचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. बॉब मार्ली या गायकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीही हाच होता. १९८१ साली, छत्तिसाव्या वर्षी तो गेला.

तळव्यावरच्या साध्या तिळाचा रंग बहुधा सरीत साचतो. मेलानोमा सुरुवातीलाच वरंबा धरतो. जपानच्या तोशिआकी सायदा यांच्या गटानं २००४ साली मांडलेल्या अभ्यासात शंभरातल्या सुमारे ८६ मेलानोमांत ही खूण सापडली. सरी कुठली अन् वरंबा कुठला, असा घोळ झाला तर डॉक्टर शाई लावून पुसतात. शाई सरीत राहते. किती साधी युक्ती! मात्र साकळलेलं रक्त किंवा केसांचा कलपही वरंब्यावर डाग पाडतो, आणि पाहणाऱ्याची नजर तयार नसेल तर फसगत होते. शेवटचा निकाल तुकडा काढून केलेल्या तपासणीचाच. भिंगाचं मोल हे, की कुठला तीळ सुखानं राहू द्यायचा आणि कुठल्याचा तुकडा घ्यायचा, ते बऱ्याच अंशी कळतं.

खरी भीती उशिराची. तळवा कोण बघतो? काळा डाग दिसला तरी कुरूप समजून घरीच ब्लेडनं तासतात.

तसं करू नका. आज पाय धुताना घरातल्या म्हाताऱ्या माणसांचे तळवे उजेडात बघा. वाढत चाललेला किंवा सात मिलिमीटरहून मोठा काळा डाग, न भरणारी जखम, नखातली रुंदावणारी काळी रेघ, यांतलं काहीही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांनी पुढं पाठवलं, तर परळचं टाटा रुग्णालय नायगावहून एका लोकलच्या अंतरावर आहे.