मी तिथं जाऊन आलो!

यंदा पावसाळ्यात आमच्या चौथीच्या वर्गात एक भांडण झालं. भांडण तसं छोटंसंच, पण सुटता सुटेना.

त्याचं झालं असं, की एका मुलानं दप्तरातून एक इवलासा पत्र्याचा बिल्ला आणला. नाण्याएवढा गोल, निळ्या रंगाचा, आणि वर इंग्रजी 'एम' अक्षर. त्याची आत्या २०११ साली अमेरिकेला गेली होती. तिथे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये तिला तो मिळाला होता. या पठ्ठ्यानं तो शर्टाला लावला आणि मधल्या सुट्टीत मैदानभर मिरवला. तेवढ्यात कुणीतरी विचारलं,

"तू गेला होतास का तिकडे?"

"नाही. आत्या गेली होती."

"मग बिल्ला आत्याचा! तुझा कसा? तुझा तर तेव्हा जन्मसुद्धा झाला नव्हता!"

झालं! वर्गात दोन तट पडले. प्रकरण माझ्या टेबलापर्यंत आलं. "बाई, तुम्हीच सांगा, बिल्ला कुणाचा?" मी म्हटलं, "उद्या सांगते." (शिक्षकांना उत्तर येत नसलं की ते 'उद्या सांगते' म्हणतात. मोठ्या वाचकांनी हे गुपित मुलांना सांगू नये!)

त्या रात्री मी बिल्ल्यांविषयी वाचायला बसले आणि भांडण बाजूलाच राहिलं, इतकी गंमत सापडली.

आपण ज्याला बिल्ला किंवा बॅज म्हणतो, त्याला अमेरिकेत चक्क 'बटन' म्हणतात. शर्टाचं असतं ना, तेच! या बटनानं ना शर्ट बंद होतो, ना दिवा लागतो. मग हे नाव कुठून आलं? तर १७८९ साली जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा लोकांनी त्यांच्या नावाची अक्षरं असलेली पितळी बटनं कोटाला लावली होती. ती खरीखुरी, सुईदोऱ्यानं शिवायची बटनं होती. पुढे शिवण गेली, मागे पिन आली, पण नाव बटनच राहिलं.

पिनचा बिल्ला सगळीकडे पसरला तो १८९६ साली. न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्क शहरात व्हाइटहेड अँड होग नावाची कंपनी होती. तिनं त्या वर्षी या बिल्ल्याच्या रचनेचं पेटंट घेतलं. रचना किती सोपी पाहा. पत्र्याची एक फुगीर चकती घ्यायची. तिच्यावर छापलेला गोल कागद ठेवायचा. कागदावर पारदर्शक पापुद्रा. मग मागून एक कडं दाबून कागदाच्या आणि पापुद्र्याच्या कडा आत मुडपून टाकायच्या. ना गोंद, ना खिळा! मागच्या पोकळीत स्प्रिंगसारखी ताणलेली तारेची पिन बसवली की बिल्ला तयार. आजही हाताच्या दाबयंत्रावर बिल्ले बनतात ते जवळजवळ याच रीतीनं. तुमच्याकडे असा बिल्ला असेल तर मागच्या बाजूनं नीट बघा, कडं दिसेल.

तो पापुद्रा त्या काळी सेल्युलॉइडचा असे. आणि सेल्युलॉइड कशाचं करत, माहीत आहे? त्यातली एक मुख्य वस्तू आपल्या देवघरात असते. कापूर! कापसापासून एक रसायन बनवून त्यात कापूर मिसळला की सेल्युलॉइड तयार होई. जॉन हयात नावाच्या गृहस्थांनी १८७० साली त्याचं पेटंट घेतलं. ते खरं तर बिलियर्डचे चेंडू बनवायच्या खटपटीत होते, कारण तेव्हा ते चेंडू हस्तिदंताचे असत आणि हस्तिदंत फार महाग. सेल्युलॉइडनं पुढे सिनेमाची फिल्म दिली, टेबल टेनिसचा चेंडू दिला आणि बिल्लाही दिला. पण ते भराभरा पेट घेतं. म्हणून कुणाकडे पणजोबांच्या काळातला बिल्ला असलाच, तर तो समईजवळ ठेवू नका.

१८९६ सालीच अमेरिकेत निवडणूक होती. मॅकिन्ली आणि ब्रायन असे दोन उमेदवार होते, आणि दोघांचेही बिल्ले लोकांच्या छातीवर झळकले. निवडणुकीचं राहू द्या, ते मोठ्यांचं काम. आपल्याला हवेत ते एखाद्या जागेचे बिल्ले. जत्रेचा, संग्रहालयाचा, धबधब्याचा, प्राणिसंग्रहालयाचा. "मी तिथं जाऊन आलो!" असं न बोलता सांगणारे.

अशा बिल्ल्यांतला मला सर्वांत आवडलेला १९३९ सालचा आहे. त्या वर्षी न्यूयॉर्कला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात जनरल मोटर्स या मोटारी बनवणाऱ्या कंपनीनं 'फ्यूचरामा' नावाचा देखावा उभारला होता. नॉर्मन बेल गेडिस या कलावंताची ती कल्पना. प्रेक्षकांनी खुर्चीत बसायचं आणि खुर्ची आपोआप सरकत जायची. खाली अख्ख्या देशाची प्रतिकृती पसरलेली. रुंद रस्ते, उंच इमारती, शेतं, पूल, आणि धावणाऱ्या चिमुकल्या मोटारी. विमानातून बघतोय असं वाटावं. तो देश होता १९६० सालचा, म्हणजे वीस-एकवीस वर्षं पुढचा! फेरी संपली की प्रत्येकाला एक छोटा बिल्ला मिळे. त्यावर लिहिलेलं असे, 'आय हॅव सीन द फ्यूचर'. मी भविष्यकाळ पाहिला आहे!

सगळे बिल्ले 'मी अमुक ठिकाणी गेलो होतो' असं सांगतात. हा एकटाच म्हणतो, मी अमुक काळात जाऊन आलो. आणि बघा, ते प्रदर्शन एप्रिलमध्ये सुरू झालं आणि सप्टेंबरमध्ये युरोपात दुसरं महायुद्ध पेटलं. भविष्यकाळ पाहिला असं छातीवर लावून फिरणाऱ्यांना चार महिन्यांपुढचंही दिसलं नव्हतं. ते देखावे मोडले, पण तो बिल्ला आजही संग्राहकांच्या पेट्यांत आहे.

आता आमच्या वर्गातल्या बिल्ल्याकडे येऊ. मेट्रोपॉलिटन म्युझियम हे जगातल्या मोठ्या संग्रहालयांपैकी एक. त्याची स्थापना १८७० सालची, म्हणजे सेल्युलॉइडच्या पेटंटचंच वर्ष. हा निव्वळ योगायोग, पण मला तो सोडवला नाही. या संग्रहालयात १९७१ पासून तिकिटाच्या बदल्यात पत्र्याचा बिल्ला देत. तो कपड्याला अडकवायचा आणि दिवसभर हिंडायचं. कालचाच बिल्ला लावून कुणी आज फुकट शिरू नये म्हणून रंग बदलत राहायचे. म्हणजे रंगावरून पहारेकऱ्याला कळायचं, हा आजचा पाहुणा की कालचा! साहजिकच लोक निरनिराळे रंग जमवू लागले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. त्या काळी तिथे प्रवेशाची रक्कम नुसती सुचवलेली असायची. तेवढी द्यायलाच हवी असं नव्हतं, ज्याला जेवढं परवडेल तेवढं त्यानं द्यावं. (बाहेरगावच्या बहुतेक पाहुण्यांसाठी ही सवलत २०१८ मध्ये बंद झाली.) कुणी पूर्ण रक्कम दिली, कुणी एखादं नाणं दिलं, बिल्ला मात्र दोघांनाही सारखाच. एकदा तो लावला की कोणी किती दिले हे कुणालाही कळत नसे. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

२०१३ च्या जुलैपासून तिथले बिल्ले बंद झाले. पत्रा महागला, खर्च वाढला, मग त्यांच्या जागी कागदी चिकटचित्रं आली. चिकटचित्र संध्याकाळी सोलून फेकून देतात. कुणाच्या आत्यानं ते जपून भाच्यासाठी आणलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात निकाल दिला. "बिल्ला याचा, पण भेट आत्याची." मग त्याला सांगितलं, "आज घरी गेलास की आत्याला फोन कर. तिनं काय पाहिलं ते विचार आणि चिठ्ठीवर लिहून बिल्ल्याच्या मागे ठेव." चिठ्ठी आली ती अशी : 'आत्या गेली होती, २०११. काचेच्या मोठ्या खोलीत इजिप्तचं अख्खं दगडी देऊळ होतं. आत्याचे पाय दुखले. ती देवळासमोर बसली.' हे डेंडूरचं देऊळ. इजिप्तनं ते अमेरिकेला भेट दिलं होतं आणि १९७८ पासून ते या संग्रहालयात उभं आहे. पण देवळाची माहिती पुस्तकात मिळते. आत्याचे पाय दुखले, हे कुठल्याही पुस्तकात नाही!

बिल्ल्यांचे सगळेच नाद असे नसतात बरं का. १९४५ च्या सुमारास अमेरिकेत केलॉगच्या 'पेप' नावाच्या न्याहारीच्या खोक्यांत चित्रकथांतल्या पात्रांचे बिल्ले निघत. एकूण पाच संच, प्रत्येक संचात अठरा बिल्ले. सांगा पाहू एकूण वेगवेगळे बिल्ले किती? नव्वद म्हणालात तर चुकलात! सुपरमॅन प्रत्येक संचात होता, म्हणून शहाऐंशी. पोरं त्यासाठी घरच्यांच्या मागे लागत असणार. मला या नादाचं फारसं कौतुक नाही. खोकं विकत घेतलं की बिल्ला मिळाला, त्यात जाणं नाही, बघणं नाही. त्यापेक्षा डिस्नीलँडची पद्धत बरी. तिथे पहिल्यांदाच येणाऱ्याला 'पहिली भेट' असं सांगणारा बिल्ला मागितला की फुकट मिळतो.

बिल्ले जमवायचे असतील तर ते जपायला शिका. आमच्या रत्नागिरीकडे चार महिने नुसता पाऊस, लोखंड बघता बघता तांबूस होतं. बिल्ला पाण्यानं कधीही धुऊ नका. कडेतून पाणी आत शिरतं आणि कागदावर तपकिरी डाग पडतात, ते पुन्हा जात नाहीत. कोरड्या फडक्यानं पुसा. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आतला दमटपणा आतच राहतो. जाड कापडाच्या तुकड्यावर ओळीनं टोचा आणि तो डब्यात ठेवा. नव्या बुटांच्या खोक्यात ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी येते, ती न फोडता डब्यात टाकलीत तर उत्तम. (ती खायची नसते, धाकट्या भावंडांना आधीच सांगून ठेवा.) आणि जुना बिल्ला हाती आला तर आधी पाठ आणि कड वाचा. कंपनीचं नाव बारीक अक्षरात तिथेच असतं. व्हाइटहेड अँड होगवाले तर मागच्या पोकळीत नावाचा कागद बसवत.

आपल्याकडे किल्ल्यावर, देवळापाशी किल्लीचे जुडगे मिळतात, चुंबकाची चित्रं मिळतात, पण बिल्ले क्वचितच. तेव्हा आमच्या वर्गानं ठरवलं, आपले आपण करायचे. डिसेंबरात सहल होती रत्नदुर्गाला. वहीच्या पुठ्ठ्यावर बांगडी ठेवून गोल आखले, कापले, चित्रं रंगवली, वरून चिकटपट्टी लावली. मागे सेफ्टी पिन मी स्वतः बसवली. नियम एकच : बिल्ला गडावर पोचल्यावरच मिळणार, आणि पाठीवर आपण पाहिलेली एक गोष्ट लिहायची. कुणी लिहिलं, 'तिन्ही बाजूंनी समुद्र.' कुणी लिहिलं, 'खालच्या होड्या काडेपेटीएवढ्या.' एकानं लिहिलं, 'बाईंचा हजेरीचा कागद वाऱ्यानं उडाला.' तेही खरंच होतं!

एक मुलगी सहलीला आली नाही. तिची आई काजूच्या कारखान्यात जाते आणि त्या दिवशी धाकट्या भावाला सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं. सोमवारी ती माझ्याजवळ आली. "बाई, माझा बिल्ला?" दीपगृहाचं चित्र तिनंच काढलं होतं, वर्गातलं सगळ्यात सुंदर. मी खणातून काढून तिच्या हातात ठेवणार, तेवढ्यात आत्याच्या बिल्ल्यावरून भांडलेली तीच मंडळी माझ्याकडे टक लावून बघत होती. मी नियम सांगितला. ती काही बोलली नाही, जागेवर जाऊन बसली. मला त्या दिवशी डबा गोड लागला नाही. एकीला नियमातून सवलत दिली असती तर काय बिघडलं असतं? पण दिला असता तर तिनं पाठीवर काय लिहिलं असतं?

चार दिवसांनी ती पुन्हा आली. म्हणाली, "बाई, शिमग्याला बाबा मुंबईहून येतील. तेव्हा आम्ही गडावर जाणार आहोत. भावाला पण नेणार. त्याच्यासाठी एक करू का?"

दुसरा बिल्ला तिनं त्याच आठवड्यात करून आणला. भावाला मोटारी आवडतात म्हणून त्यावर दीपगृहाशेजारी एक लाल एस.टी. आहे. दोन्ही बिल्ले माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पाठी कोऱ्या आहेत. शिमग्याच्या आधी मला त्यांच्या पिना तेवढ्या बदलायला हव्यात, आताच थोड्या तांबूस दिसायला लागल्यात.