समान दर, असमान मैदान

पावणे येथील कारखान्यांच्या पट्ट्यापासून नेरुळचे डी. वाय. पाटील क्रीडांगण काही किलोमीटरांवर आहे. १ जून २००८ रोजी पुरुषांच्या आयपीएलचा पहिला अंतिम सामना तेथे झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याच हिरवळीवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवून विश्वचषक जिंकला. आंतरराष्ट्रीय परिषदेने विजेत्या महिलांसाठी ४४ लाख ८० हजार डॉलरचे पारितोषिक ठेवले होते. २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकात हीच रक्कम ४० लाख डॉलर होती. स्त्री-पुरुष खेळाडूंच्या मिळकतीतील तफावत आता संपली, असा समज त्यामुळे अनेकांचा झाला आहे. वस्तुस्थिती मात्र इतकी सरळ नाही.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला व पुरुष यांचे सामन्यागणिक मानधन समान केले : कसोटीस १५ लाख, एकदिवसीय सामन्यास ६ लाख आणि टी-ट्वेंटीस ३ लाख रुपये. निर्णय स्वागतार्ह होता. परंतु दर समान असणे आणि मिळकत समान असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नगावर मजुरी घेणाऱ्या कामगाराला हे समजावून सांगावे लागत नाही. दर तोच असला तरी काम किती मिळते, यावर त्याचा संसार चालतो. महिलांच्या वाट्याला कसोटी सामने अगदी मोजके येतात. शिवाय वार्षिक करारांची गोष्ट वेगळीच आहे. २०२४-२५ च्या करारांत पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी रुपये होते, तर महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख.

यावर उत्तर ठरलेले असते : ज्याच्या खेळाला प्रेक्षक अधिक, त्याला पैसा अधिक. हा युक्तिवाद झटकून टाकण्याजोगा नाही. २०२३ पासूनच्या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८ हजार ३९० कोटींना विकले गेले. महिला प्रीमियर लीगचे ९५१ कोटींना. म्हणजे उत्पन्न सुमारे एक-पन्नासांश. त्याच २०२३ साली खेळाडूंवर खर्च करण्याची मर्यादा आयपीएलच्या दहा संघांना प्रत्येकी ९५ कोटी आणि महिलांच्या पाच संघांना प्रत्येकी १२ कोटी होती. एकूण हिशेब ९५० कोटी विरुद्ध ६० कोटी, म्हणजे सुमारे एक-षोडशांश. प्रक्षेपणाच्या उत्पन्नाशी ताडून पाहता महिला लीगने खेळाडूंच्या बाबतीत हात आखडता घेतला, असे म्हणता येत नाही.

प्रश्न वेगळाच आहे. प्रेक्षक हा निसर्गाने दिलेला असतो की घडवावा लागतो? इंग्लंडचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. प्रेस्टन येथील एका कारखान्यातील कामगार स्त्रियांच्या फुटबॉल संघाचा सामना पाहण्यास २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलमध्ये सुमारे ५३ हजार लोक जमले होते. पुढच्याच वर्षी तेथील फुटबॉल संघटनेने आपल्या सभासद क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. ही बंदी जवळजवळ अर्धशतक टिकली. त्यानंतर ‘स्त्रियांच्या फुटबॉलला प्रेक्षक कोठे आहेत?’ असे विचारणे म्हणजे दुकानाला टाळे ठोकून गिऱ्हाईक येत नाही अशी तक्रार करणे होय.

आपल्याकडे बंदी नव्हती, उपेक्षा होती. महिला क्रिकेट संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. परंतु श्रीमंत नियामक मंडळाच्या छत्राखाली हा खेळ आला तो २००६ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी भारतीय महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचल्या, तेव्हा सामन्यामागे हजार रुपये मिळाल्याचे मिताली राज यांनी सांगितले आहे. मैदान, प्रक्षेपण आणि प्रसिद्धी यांवाचून गेलेल्या या दशकांचा हिशेब बाजाराच्या ताळेबंदात कोठेच दिसत नाही.

उलट, संधी मिळताच काय घडते हे नेरुळने दाखविले. डिसेंबर २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या बरोबरीत सुटलेल्या सामन्याला ४५ हजारांहून अधिक लोक आले. प्रवेश विनामूल्य होता, हे खरे; फुकटची मागणी ही अर्थशास्त्रात कच्ची मागणी होय. मात्र २०२५ च्या विश्वचषकात तिकिटाला शंभर रुपयांपासून पुढे दाम मोजावे लागत होते, तरीही अंतिम सामन्याला सुमारे ३९ हजार प्रेक्षक होते. सवय आधी लागते, किंमत मागाहून येते. पुरुषांच्या क्रिकेटलाही ही सवय लावण्यास कित्येक दशके लागली होती.

म्हणूनच खरी कसोटी तारकांच्या मानधनाची नाही, ती खालच्या पायरीची आहे. देशांतर्गत स्पर्धांत खेळणाऱ्या वरिष्ठ महिला खेळाडूला २०२५ च्या अखेरपर्यंत दिवसाला २० हजार रुपये मिळत. त्या डिसेंबरात मंडळाने ही रक्कम ५० हजार केली. विश्वचषकाच्या मिरवणुकीपेक्षा हा निर्णय अधिक मोलाचा ठरू शकेल. अट एवढीच की सामन्यांचे दिवसही वाढले पाहिजेत. कारकुनाची वा कामगाराची मुलगी सोळाव्या वर्षी खेळ सोडते, तेव्हा ती कोट्यवधींचा करार नाकारीत नसते. पुढची दहा वर्षे पोट भरेल की नाही, याचा तिच्या घरच्यांनी केलेला तो हिशेब असतो. तो हिशेब जुळत नाही, तोवर गुणवत्ता वाटेतच गळत राहील, खेळाचा दर्जा खुंटेल, आणि मग प्रेक्षक नाहीत म्हणून पैसा नाही, हे रडगाणे पुन्हा सुरू होईल. हे दुष्टचक्र बाजार आपण होऊन तोडणार नाही. ज्यांच्या हाती तिजोरी आहे, त्यांनीच ते तोडले पाहिजे.