आधी हौदा, मग हिच

अमेरिकेच्या महामार्गांवर पिकअप ट्रकच्या हौद्यात मान टाकून चाललेली, दहा-बारा मीटर लांबीची, स्वयंपाकघर आणि निजायची खोली पोटात घेतलेली घरं दिसतात. तिथे त्यांना ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात. नाव बुचकळ्यात पाडणारं आहे, कारण चाकं मोजायला बसलं तर पाचवं असं चाक सापडत नाही. हे नाव घोडागाडीच्या काळातून आलं आहे. चारचाकी बग्गीच्या पुढच्या आसावर एक आडवं लोखंडी कडं असे आणि वळताना तो आस कड्याच्या आधाराने फिरे. चार चाकं उभी, हे पाचवं आडवं. मुंबईच्या व्हिक्टोरियाही अशाच वळत. मोटारी आल्यावर कड्याच्या जागी खाच असलेली जाड पोलादी तबकडी आली आणि ट्रेलरच्या पुढच्या भागाखालचा दोन इंच जाडीचा खुंटा, म्हणजे किंगपिन, त्या खाचेतल्या जबड्यात अडकू लागला. न्हावा-शेव्याहून कंटेनर ओढणाऱ्या हॉर्सच्या पाठीवर ग्रीसने माखलेली असते ती हीच तबकडी. पण हॉर्सचा जन्मच ओढण्यासाठी झालेला असतो, त्याला हौदा नसतोच. पिकअप मात्र माणसं, सामान, लाकूडफाटा असं सगळं वाहण्यासाठी बनलेला असतो आणि तबकडी-जबड्याची ही जोडणी, म्हणजे हिच, त्यात मागाहून बसते. निवडीतल्या बहुतेक चुका हा फरक विसरल्याने होतात.

हिचवर ठळक आकडा छापलेला असतो: १६ हजार, २० हजार, २५ हजार पाउंड. घेणारा आपल्या ट्रेलरचं वजन पाहतो, त्याहून मोठा आकडा उचलतो आणि निर्धास्त होतो. माझ्या मते हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. हिच स्वतः किती ताण सोसेल, एवढंच तो सांगतो. ज्या ट्रकला ती बोल्टने आवळायची त्याची पाठ किती सोसेल आणि काटकोनात वळताना केबिनची मागची काच शाबूत राहील का, या दोन्ही प्रश्नांवर तो गप्प असतो. त्यांची उत्तरं ट्रकच्या दारावर आणि हौद्याच्या लांबीत असतात.

आधी दार. बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही: माल मागे गेला की गाडी उलाळ होते, फार पुढे आला की जू बैलांच्या मानेवर चेपतं. बंपरमागे जोडायच्या साध्या ट्रेलरमध्ये एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार जोडावर ठेवतात. फिफ्थ व्हीलमध्ये तो १५ ते २५ टक्के असतो, आणि तो बंपरच्या मागे न पडता मागच्या ॲक्सलवर किंवा किंचित पुढे पडतो. म्हणूनच हे ट्रेलर वाऱ्यात कमी हेलकावतात. पण हा फायदा फुकट मिळत नाही, त्याची किंमत ट्रकची पाठ मोजते. भरून १४ हजार पाउंड होणारा ट्रेलर घ्या. २० टक्क्यांनी किंगपिनवर २८०० पाउंड आले. हिचचे दीडशे, चार माणसांचे सहाशे. बेरीज ३५५० पाउंड, म्हणजे सोळाशे किलोच्या वर. आता ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचा. माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांपेक्षा जास्त नको, असं तिथे लिहिलेलं असतं. तो आकडा २३०० असेल, तर २५ हजारांची हिच बसवूनही ट्रक साडेबाराशे पाउंडांनी जास्त लादलेलाच राहणार.

यावर लगेच ऐकू येतं की कंपनीच माहितीपत्रकात सांगते, हा ट्रक १५ हजार पाउंड ओढतो. ओढतही असेल. ओढणं हे इंजिनाचं काम आहे आणि पेलणं हे पाट्यांचं, टायरांचं, ॲक्सलचं. दुसरा आक्षेप असा की ट्रेलरच्या पत्रकात किंगपिनवरचा भार बराच कमी दिलेला असतो. तो रिकाम्या ट्रेलरचा असतो. पुढच्या कप्प्यात बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या, खुर्च्या, हत्यारं भरली जातात आणि त्यातलं बरंचसं वजन थेट किंगपिनवर येतं. पाणी तर लिटरमागे एक किलो. यावर एक उपायही फार लोकप्रिय आहे: पाटे वाढवायचे किंवा हवेच्या पिशव्या बसवायच्या. त्याने ट्रकचं बसलेलं बूड वर येतं आणि वजन कमी झाल्यासारखं वाटतं, पण ॲक्सल, टायर आणि ब्रेक होते तेच राहतात. खात्री करायची तर ट्रक-थांब्यावरच्या वजनकाट्यावर आधी एकटा ट्रक, मग जोडलेला ट्रक मोजावा. ट्रकच्या दोन्ही ॲक्सलच्या बेरजेत जी वाढ दिसेल, तोच किंगपिनचा खरा भार. भूमिती कितीही जमली तरी इथे नापास झालेल्या ट्रकला कुठलीही हिच पास करू शकत नाही. तिथे ट्रेलर लहान घ्यावा, नाहीतर मागे दुहेरी चाकांचा ट्रक.

आता हौदा. अमेरिकेत ट्रेलरची रुंदी १०२ इंचांपर्यंत असते, त्याचा निम्मा भाग ५१ इंच. ट्रक ट्रेलरशी काटकोनात आला की ट्रेलरची कड किंगपिनपासून ५१ इंचांवर येते. तेवढी जागा केबिनच्या मागे हवी. आठ फुटी हौद्याच्या दणकट पिकअपमध्ये केबिन ते मागचा ॲक्सल हे अंतर साधारण ५६ इंच असतं, म्हणून तिथे साधी, स्थिर हिच निभावते. पावणेसात फुटी हौद्यात ते ४० इंचांच्या आसपास येतं. अकरा इंच कमी पडतात. मग हिच कायमची अकरा इंच मागेच का बसवू नये? कारण भार ॲक्सलच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंगची पकड सुटते, म्हणजे गाडी उलाळ होते. या पेचातून सरकती हिच जन्मली: रस्त्यावर ॲक्सलवर आणि तंग वळणापुरती दहा ते चौदा इंच मागे.

हाताने सरकवायच्या हिचमध्ये खाली उतरून खटका सोडायचा, ट्रेलरचे ब्रेक लावायचे आणि ट्रक पुढे घेऊन तबकडी मागे येऊ द्यायची. गरज पडते ती संध्याकाळी, अनोळखी कॅम्पच्या अरुंद जागेत, मागे लोक खोळंबलेले असताना. नेमकं तेव्हाच विसरायला होतं, म्हणून लहान हौद्यासाठी मी आपोआप सरकणारी हिचच योग्य मानतो. ती महाग आहे, जड आहे, किंगपिनभोवती वेगळी पट्टी बसवावी लागते. तिचं जादा वजन दारावरच्या आकड्यातून वजा करूनही हिशेब जमत असेल तरच ती घ्यावी. काही जण म्हणतात की नव्या ट्रेलरांचे पुढचे कोपरे आत कापलेले असतात, सरकती हिच कशाला? कापलेला कोपरा मदत करतो, हे खरं. पण किती अंशांपर्यंत, हे त्या ट्रक-ट्रेलरच्या जोडीवर ठरतं, आणि मोकळ्या मैदानात कुणाला तरी बाहेर उभं करून सावकाश वळवून पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

वजन वाचवण्याचा मोह दुसरीकडेही नेतो. हौद्याच्या तळाला गूसनेक प्रकारचा ट्रेलर जोडायचा गोळा आधीच असेल, तर किंगपिनला लांब नळी जोडून थेट त्या गोळ्यावर बसवता येतं. स्वस्त आणि सुटसुटीत दिसणाऱ्या या जोडाबद्दल मला गंभीर शंका आहे. ब्रेक दाबला की सगळा धक्का नळीच्या खालच्या टोकाला बसतो, आणि नळी जितकी लांब तितकी ट्रेलरच्या सांगाड्यावरची पिळवटणारी तरफ मोठी. तो सांगाडा किंगपिनच्या मूळ उंचीवरचा धक्का धरून जोडलेला असतो. तुलनेने, ॲल्युमिनियमच्या तिवईवर गोळा उंच धरणाऱ्या, वीस किलोंच्या आतल्या हिच आहेत. तिथे तरफ फारशी वाढत नाही, म्हणून दोन्ही जोडांना एकाच मापाने मोजणं अन्याय ठरेल.

हे सगळं जमल्यावर जबड्याकडे वळावं. खुंट्याला दोन्ही बाजूंनी कवटाळणारा जबडा आडव्या दांड्यापेक्षा कमी खडखडतो, आणि चारही दिशांना कलणारी तबकडी उंचसखल जागी जोडणी सोपी करते. पण कुठल्याही जबड्यात एक धोका उरतो: खुंटा आत न जाता वरच टेकतो आणि खटका मात्र बंद झाल्यासारखा दिसतो. म्हणून जोडल्यावर ट्रेलरचे पाय जमिनीला टेकलेलेच ठेवावेत, टॉर्च धरून जबडा खुंट्यामागे मिटला आहे का ते पाहावं, मग ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून ट्रक हळूच पुढे ओढावा. ट्रक जागचा हलला नाही तर पाय वर घ्यावेत. खुंटा निसटलाच तर ट्रेलर आपल्या पायांवर उभा राहतो, हौद्याच्या कडांवर कोसळत नाही.