सार, काऴ्, वैरम् : वास्तूतील लाकडाची निवड आणि तिची परिभाषा

चेन्नईच्या दक्षिणेस, पूर्व किनारा मार्गावर मुट्टुकाडू येथे ‘दक्षिणचित्र’ हे संग्रहालय १९९६ साली खुले झाले. पाडली जाणार असलेली दक्षिणेतील काही जुनी घरे उतरवून ती तेथे पुन्हा उभी करण्यात आली आहेत. त्यांतील चेट्टिनाडच्या व्यापारी घरात शिरणारा अभ्यासक बहुधा दाराच्या चौकटीवरील कोरीव काम पाहतो. जाणत्या सुताराची नजर आधी लाकडाच्या कापलेल्या तोंडाकडे जाते. गाभा कोठे आहे, वाढीची वर्तुळे कोणत्या दिशेने आडवी गेली आहेत, चीर कोठवर पोहोचली आहे, हे तेथे दिसते. वास्तूसाठी अखंड लाकूड निवडणे म्हणजे बाहेरून आतले वाचणे होय. आणि या वाचनाची परिभाषा तमिळ व संस्कृत परंपरांत वेगवेगळ्या मार्गांनी घडली आहे.

‘तोल्काप्पियम्’ या प्राचीन तमिळ व्याकरणग्रंथाच्या ‘मरपियल्’ या प्रकरणात वनस्पतींचे एक विलक्षण वर्गीकरण येते. ज्यांचे काठिण्य बाहेर ते ‘पुल्’ म्हणजे तृण. ज्यांचे काठिण्य आत ते ‘मरम्’ म्हणजे वृक्ष. काठिण्यासाठी तेथे ‘काऴ्’ हा शब्द आहे. या कसोटीने बांबूच नव्हे, तर ताड आणि नारळही तृणात जातात. आधुनिक वनस्पतिशास्त्रही या तिघांना गवताबरोबर एकदल वनस्पतींत ठेवते, हा योगायोग सुखद आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील कुप्याध्यक्षाच्या प्रकरणात मात्र ‘सारदारुवर्ग’ येतो. त्याचा आरंभ ‘शाक’ म्हणजे सागाने होतो आणि त्याच यादीत ‘ताल’ही आहे. राजाचे कोठार भरणारा अधिकारी लाकूड कठीण आहे की नाही, एवढेच विचारतो. तमिळ व्याकरणकार ते काठिण्य कोठे आहे हे विचारतो. सुताराला दुसरा प्रश्न अधिक उपयोगी पडतो. ताडाच्या वाशात बाहेरचा भाग राखून आतला भुसभुशीत भाग टाकावा लागतो. सागाचे नेमके उलट आहे. सालीलगतचे फिकट लाकूड वाळवी आणि भुंगेरे सहज खातात, म्हणून ते काढून गडद गाभा ठेवायचा. त्या गाभ्यातील नैसर्गिक तैलयुक्त द्रव्येच त्याचे किडीपासून रक्षण करतात.

तमिळमध्ये गाभ्याच्या लाकडाला ‘वैरम्’ म्हणतात. हाच शब्द हिऱ्यालाही लागू होतो, आणि उच्चाराने एकच असलेला दुसरा ‘वैरम्’ शत्रुत्वाचा वाचक आहे. मराठी अनुवादकाला तीन अर्थांतून निवड करावी लागते. मुरलेल्या देहाचे किंवा मनाचे वर्णन या शब्दाने येते तेव्हा ‘हिऱ्यासारखा’ हे भाषांतर चमकदार असले, तरी त्यात झाडाचे वय हरवते. मराठीत ‘सार’ शब्दाचेही असेच झाले. ‘निःसार’, ‘सारांश’ म्हणताना ओंडका कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

‘मयमत’ या दाक्षिणात्य वास्तुग्रंथात वृक्षांचे पुरुष, स्त्री व नपुंसक असे भेद केले आहेत. अभ्यासक त्यांकडे केवळ सांकेतिक कल्पना म्हणून पाहतात, तेव्हा ग्रंथावर थोडा अन्याय होतो. भेदाचा निकष खोडाचा आकार हा आहे : बुडापासून शेंड्यापर्यंत सारखे, बुडाशी जाड, किंवा शेंड्याकडे जाड. खांब चौरसताना निमुळत्या खोडातील गाभा व्यर्थ जातो आणि कडेच्या रेषा तिरप्या कापल्या जातात. तेथे जोर आला की लाकूड त्या रेषेवर उकलते. झाड जख्ख किंवा कोवळे नसावे, वाकडे वा जखमी नसावे, ही त्याच ग्रंथाची अपेक्षा आजही कोणी नाकारणार नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तील शय्यासनविषयक अध्याय तर लाकडातील छिद्रांना ‘शूकरनयन’, ‘वत्सनाभ’ अशी नावेच देतो. फळ शकुनाच्या भाषेत सांगितले असले, तरी पाहणी डोळ्यांनी केलेली आहे.

ग्रंथांत जे फारसे येत नाही ते पाण्याचे गणित. लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितके आकसते, त्याच्या साधारण निम्मेच ते त्रिज्येच्या दिशेने आकसते. म्हणून त्रिज्येच्या दिशेने काढलेली फळी दाराच्या दिल्ह्यात कमी वाकते, मात्र ओंडक्यातून अशा फळ्या कमी निघतात आणि महाग पडतात. चेन्नईच्या दमट हवेत लाकडातील पाणी सुमारे १३-१४ टक्क्यांवर स्थिरावते. वातानुकूलित खोलीत ते ९-१० टक्क्यांपर्यंत उतरते. वखारीत निर्दोष वाटलेले दार बसवल्यावर फटी सोडते, त्याचे कारण बहुधा हेच. ‘दाट वर्तुळे म्हणजे बळकट लाकूड’ हा समजही सागाला सरसकट लागू होत नाही. लवकर वाढलेल्या लागवडीच्या सागात खरी उणीव असते ती गाभ्याच्या प्रमाणाची आणि कोवळ्या गाभ्याच्या टिकाऊपणाची.

बाजारात मात्र पारख नावावर चालते. मराठीतील ‘साग’ संस्कृत ‘शाक’पासून आला आणि अरबीत तो ‘साज’ झाला. तमिळ-मलयाळम ‘तेक्कु’ पोर्तुगीज ‘तेका’च्या वाटेने इंग्रजीत ‘टीक’ झाला. या दोन वंशांवर चेन्नईत तिसरे नाव बसले आहे : ‘बर्मा’. चेट्टियार सावकारांचा ब्रह्मदेशाशी व्यवहार होता आणि त्यांच्या घरांचे भव्य खांब तिकडच्या सागाचे. १९४२ मधील जपानी आक्रमणाने तो व्यवहार मोडला. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात थांबवली. तरी ‘बर्मा’ हे विशेषण दर्जाचे म्हणून उरले आहे, आणि पाडलेल्या घरांच्या तुळयांना ते विशेष चिकटते. अशा जुन्या तुळईत गाभा उत्तम मिळू शकतो. पण जुन्या सांध्यांची भोके आणि गंजलेल्या खिळ्यांचे काळे डाग वगळून हाती येणारा छेद मूळ मापापेक्षा बराच लहान असतो. चिरल्यावर उघडी पडलेली आतली बाजूही पुन्हा काही आठवडे हवेत मुरवावी लागते. रंग वा पॉलिश चढलेला तुकडा असेल, तर खरेदीदाराने त्याचे एक टोक नव्याने कापून मागावे.