नागर कोण, ग्राम्य कोण?

स्पॅनिश भाषेत ‘फिनो’ म्हणजे बारीक, तलम. सभ्य, शिष्ट माणसासही हेच विशेषण लागते. सुबकतेची कसोटी तेथे पोताची. आपण मात्र ती पत्त्यावर ठरविली. नगरातला तो ‘नागर’. ‘ग्राम्य’ हा तर काव्यशास्त्रात दोषच! अर्थशास्त्रात यास मक्तेदारी म्हणतात.

मावळात ही कसोटी टिकत नाही. लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे २००० वर्षांपूर्वीचे दानलेख आहेत. धेनुकाकटच्या एका सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने द्वाराचे दान दिल्याची नोंद त्यांत आहे. तशीच ते द्वार घडविणाऱ्या सामी नावाच्या सुताराचीही, त्याच्या पित्याच्या नावासह. आज शनिवार-रविवारी लोणावळ्यास येऊन मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपक लावणारी मंडळी नागर, आणि पायथ्याशी भाताची लावणी करणारा शेतकरी ग्राम्य, असे आपले शब्द अजूनही सांगतात.