वीस बारीक रोपांचं एक जाडजूड झाड! बोनसायमधली ही आयडिया खरंच चालते का?

रील तुम्हीही बघितली असेल. एकजण पेन्सिलीएवढी बारीक दहा-बारा रोपं हातात धरतो, त्यांची मोळी बांधतो, कुंडीत लावतो. कट. पुढच्या सेकंदाला त्याच कुंडीत मनगटाएवढ्या खोडाचं झाड! खाली कमेंटमध्ये अर्धे लोक 'फेक आहे' म्हणतायत, अर्धे उद्याच नर्सरीत जायच्या तयारीत.

तर, फेक नाही. पण त्या एका 'कट'मध्ये दोन-तीन वर्षं गेलेली असतात. आणि रोपं आणली कुठून हे रीलवाला सांगत नाही. सगळा खेळ तिथेच फसतो.

हा खटाटोप कशासाठी?

बोनसाय म्हातारं दिसतं ते खोडामुळे. खोडाची जाडी उंचीच्या सहाव्या भागाएवढी असावी, असा ढोबळ हिशोब बोनसायवाले धरतात. म्हणजे 30 सेंमीच्या झाडाला 5 सेंमी जाड खोड. पण बोनसायच्या उथळ ट्रेमध्ये खोड फारसं भरतच नाही, कारण मुळं आणि फांद्या सतत छाटल्या जातात. म्हणून आधी झाड जमिनीत मोकळं वाढवायचं, खोड भरलं की मग छाटायचं. यात वर्षानुवर्षं जातात.

आता सात पेन्सिली रबरबँडने बांधून बघा. मधे एक, भोवती सहा. जाडी झाली तिप्पट. त्याभोवती अजून बारा लावून 19 केल्या की पाचपट. पेन्सिल 7 मिमीची धरली तर मोळी झाली साडेतीन सेंमीची. म्हणजे पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त काम झालं.

पण मोळीचं झाड होतं कसं?

सालीच्या लगेच खाली पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. खोड जाड करणं हे त्याचं काम. तो आतल्या बाजूला नवं लाकूड बनवतो आणि बाहेरच्या बाजूला साल. रोपं घट्ट बांधली की प्रत्येकजण फुगायला बघतो, पण जागाच नसते. मधली साल दबते, फाटते आणि दोघांचे कॅम्बियम एकमेकांना भेटतात. तिथून पुढचं लाकूड दोघांभोवती सलग चढतं.

कोकणातल्या आंबेवाल्यांना यात नवीन काही नाही. भेटकलम हेच तर असायचं. कुंडीतलं रोप आणि चांगल्या झाडाची फांदी, दोन्हींची साल थोडी तासून एकमेकांना बांधायची. जोड बसला की फांदी मूळ झाडापासून सोडवायची. पुढे कोय कलम आलं आणि भेटकलम मागे पडलं. बोनसायच्या मोळीत फरक इतकाच, की इथे सगळेच आपापल्या मुळांवर कायम राहतात.

आपल्याकडे यासाठी सगळ्यात सोयीची म्हणजे वडाच्या कुळातली झाडं: नांदरुक, उंबर, वड. ही एकमेकांना पटकन चिकटतात. मेघालयातले मुळांचे जिवंत पूल आठवा. आपण हॉलमध्ये कुंडीत ठेवतो त्याच रबराच्या झाडाच्या मुळांचे ते असतात, आणि ती मुळं एकमेकांत अशीच मिसळलेली असतात. बांबू किंवा पामची मोळी मात्र कितीही वर्षं बांधून ठेवा, मोळीच राहणार. त्यांच्यात असा कॅम्बियमचा थरच नसतो.

रील फसते ती इथे

बियांपासून उगवलेली रोपं म्हणजे भावंडं. दिसायला सारखी, स्वभावाने वेगळी. एकाला पालवी आधी येते, दुसऱ्याची पानं मोठी, तिसऱ्याची साल वेगळ्या रंगाची. जोडल्यावरही प्रत्येकजण आपलं वेगळेपण सोडत नाही आणि एकाच खोडावर ठिगळं दिसतात. शिवाय जोमदार रोप बाकीच्यांचं ऊन खातं. दुबळं मेलं की खोडावर वरपासून खालपर्यंत कुजकी पट्टी. दोन वर्षांची मेहनत तिथेच पाण्यात!

म्हणून एकाच झाडाच्या काड्या रुजवून रोपं करायची. नांदरुकाच्या काड्या पावसाळ्यात सहज रुजतात. मुळं फुटली की रोपं लवचिक असतानाच जुन्या सीडीच्या भोकातून ओवा (कपाटात असतेच एखादी), म्हणजे बुंधा घट्ट राहतो आणि मुळं खाली चहूबाजूंना पसरतात. मोळीच्या आत अडकणारी पानं आणि फांद्या काढा, शेंडे मात्र ठेवा. पानं जितकी जास्त, तितकं खोड लवकर भरतं. बाहेरची रोपं पुढे कमी उंचीवर छाटली की खोड खाली रुंद, वर निमुळतं होतं.

काही जण आत लाकडाचा किंवा तारेचा शंकू ठेवून त्याभोवती रोपं बांधतात. खोड झटपट जाड दिसतं, पण पोकळीत पाणी साचून सडण्याची भीती असते. मला तरी हा शॉर्टकट पटत नाही.

नर्सरीत काय बघाल?

वेणी घातलेलं 'मनी ट्री' म्हणून मिळणारं पचिरा हे एक झाड नसतं, तीन-पाच रोपं गुंफलेली असतात आणि बऱ्याचदा जोडलेली नसतात. घ्यायच्या आधी प्रत्येक खोड दाबून बघा. एखादं मऊ किंवा पोकळ लागलं तर ते मेलेलं आहे. 'जिनसेंग फायकस'चं फुगीर खोड तर खोडच नाही, ती सुजलेली मुळं असतात आणि वर बारीक पानांच्या फायकसचं कलम केलेलं असतं. झाड म्हणून त्यात वाईट काही नाही, फक्त 'जुनं बोनसाय' म्हणून जादा पैसे देऊ नका.

घरी मोळी बांधणार असाल तर ग्राफ्टिंग टेप वापरा. वाढीच्या दिवसांत दर महिन्याला नजर टाका. टेप सालीत रुतायला लागली की सोडा आणि थोडी वर-खाली सरकवून पुन्हा बांधा. रुतलेली टेप तशीच राहिली तर खोडावर पडलेले वळ वर्षानुवर्षं जात नाहीत.